वस्तुमानाची एकके बदलताना सहा एमईव्ही गेले कुठे?

पानगळ

नमस्कार. बऱ्याच वर्षांनी भौतिकशास्त्राचे पुस्तक पुन्हा उघडले आहे आणि हेलियमच्या अणुकेंद्रकाच्या बंधनऊर्जेच्या एका साध्या उदाहरणावर अडलो आहे. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे असताना त्यांचे एकूण वस्तुमान जेवढे भरते, त्यापेक्षा त्यांच्यापासून बनलेल्या केंद्रकाचे वस्तुमान किंचित कमी असते, आणि ही तूट ऊर्जेच्या एककात मांडली की बंधनऊर्जा मिळते, इथवर मला कळते. अडचण आकड्यांची आहे. (^ हे चिन्ह मी घातांकासाठी वापरतो आहे.)

पहिल्या खेपेला मी सगळे किलोग्रॅममध्ये घेतले. प्रोटॉन १.६७ × १०^-२७, न्यूट्रॉनही १.६७ × १०^-२७ आणि हेलियमचे केंद्रक ६.६४ × १०^-२७. सुट्या कणांची बेरीज ६.६८ झाली, तूट ०.०४ × १०^-२७ किलोग्रॅम आली, तिला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणून ज्यूल काढले आणि ज्यूलचे मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एमईव्ही, केले. उत्तर २२.४ एमईव्ही. पुस्तकात २८.३ आहे.

दुसऱ्या खेपेला अणुवस्तुमान एकक घेतले. प्रोटॉन १.००७२७६, न्यूट्रॉन १.००८६६५, केंद्रक ४.००१५०६. तूट ०.०३०३७६ एकक, तिला ९३१.४९४ ने गुणले आणि उत्तर अचूक २८.३ आले. कण तेच, नियम तोच, फक्त एकक बदलले, तर मधले सहा एमईव्ही गेले कुठे?

जाता जाता दुसरा प्रश्न. त्याच पुस्तकात पुढे प्रोटॉनचे वस्तुमान ‘९३८ एमईव्ही’ असे सरळ लिहिले आहे. एमईव्ही हे ऊर्जेचे एकक आहे ना? ते वस्तुमानाला कसे चालते?

अर्धविराम

ते कुठेही गेलेले नाहीत. तिसऱ्या अंकानंतर तुम्ही जे खोडून टाकलेत, त्यातच ते आहेत.

सांजवेळ

अर्धविराम यांनी एका ओळीत सांगितले ते बरोबर आहे, पण ही चूक मी दर वर्षी वह्यांमध्ये पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक किलोग्रॅम म्हणजे ५.६१ × १०^२९ एमईव्ही. आता तुमच्या पहिल्या खेपेतील शेवटचा अंक काय वजनाचा आहे ते पाहा. ६.६४ मधील ४ हा अंक एकाने वरखाली झाला, तर वस्तुमान ०.०१ × १०^-२७ किलोग्रॅमने बदलते, आणि तेवढ्याचे ५.६ एमईव्ही होतात. म्हणजे तुमच्या मोजपट्टीवरच्या दोन रेघांमधले अंतरच जवळजवळ सहा एमईव्ही आहे. अशा पट्टीने तुम्ही २८.३ मोजायला गेलात, तर उत्तर २२.४ किंवा २८.० एवढेच येऊ शकते, मधले काही येऊच शकत नाही.

दोन जवळजवळ सारख्या मोठ्या संख्यांची वजाबाकी केली की पुढचे सार्थ अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतात ते फक्त शेवटचे, म्हणजे ज्यांच्यावर सर्वांत कमी भरवसा ठेवावा असे अंक. किलोग्रॅममध्येच राहून चार अंक घेतलेत (१.६७३, १.६७५, ६.६४५) तर तूट ०.०५१ आणि उत्तर २८.६ येईल. सात अंक घेतलेत (१.६७२६२२, १.६७४९२७, ६.६४४६५७) तर तूट ०.०५०४४१ येईल आणि उत्तर २८.३०. दोष किलोग्रॅमचा नाही. अणुवस्तुमान एककाच्या तक्त्यात सहा दशांश स्थळे आयती छापलेली असतात म्हणून तो मार्ग सुरक्षित वाटतो, इतकेच.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की तक्ता ज्या एककात आहे त्याच एककात वजाबाकी उरकावी आणि रूपांतर सगळ्यात शेवटी, एकदाच करावे.

वजनदार

शीर्षक वाचून मला वाटले, धाग्यावर चोरीचा तपास चालू आहे. आता कळले की चोर घरातलाच होता आणि त्याचे नाव ‘आसन्न मूल्य’ आहे.

कोरी पाटी

मला एक विचारायचे आहे. हा ९३१.४९४ आकडा नेमका येतो कुठून? आमच्याकडून तो पाठ करून घेतात. त्यातही एका पुस्तकात ९३१ आहे, दुसऱ्यात ९३१.५ आणि ग्रंथालयातल्या एका फार जुन्या पुस्तकात चक्क ९३१.२ च्या जवळचा आकडा आहे. खरा कोणता?

चौथी मिती

कोरी पाटी, तो पाठ करण्याऐवजी एकदा स्वतः काढून पाहा, मग विसरलात तरी चालेल. रूपांतर करताना प्रत्येक गुणक ‘एक’ या किमतीचा अपूर्णांक म्हणून लिहायचा, म्हणजे वरची आणि खालची राशी एकच असते, फक्त वेगवेगळ्या एककांत मांडलेली असते. एकाने गुणल्याने काही बदलत नाही, आणि एकके बीजगणितातल्या अक्षरांसारखी वर-खाली कापली जातात. शेवटी जे एकक हवे तेच उरले नाही, तर गणित चुकले आहे हे आकडेमोड करण्याआधीच कळते.

एक अणुवस्तुमान एकक म्हणजे १.६६०५३९०७ × १०^-२७ किलोग्रॅम. त्याला प्रकाशवेगाच्या, म्हणजे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटरच्या, वर्गाने गुणा. १.४९२४१८ × १०^-१० ज्यूल मिळतील. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १.६०२१७६६३४ × १०^-१९ ज्यूल, म्हणून त्याने भागा. ९३.१४९४१ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजेच ९३१.४९४१ एमईव्ही. झाले.

९३१ आणि ९३१.५ ही त्याचीच छाटलेली रूपे आहेत. पानगळ यांच्या उदाहरणात ९३१ वापरले तर २८.२८ येते आणि ९३१.४९४ वापरले तर २८.२९५. म्हणजे इथे गुणक छाटल्याने जवळजवळ काही बिघडत नाही, वस्तुमाने छाटल्याने मात्र सगळे बिघडते. कुठले अंक जपायचे आणि कुठले सोडायचे हा प्रश्न एककाचा नाही, तो गणिताच्या घडणीचा आहे. ९३१.२ चे कोडे मात्र रसायनी यांच्यासाठी सोडतो.

रसायनी

आमंत्रणाबद्दल आभार. हे कोडे आमच्या आणि भौतिकशास्त्रज्ञांच्या जुन्या भाऊबंदकीचे आहे.

आज अणुवस्तुमान एकक म्हणजे कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. पूर्वी मात्र मोजमाप ऑक्सिजनवरून होत असे आणि ऑक्सिजनला १६ धरले जाई. १९२९ साली ऑक्सिजनचे १७ आणि १८ वस्तुमानांकांचे समस्थानिक सापडले आणि घोटाळा सुरू झाला. आम्ही रसायनवाल्यांनी निसर्गात सापडतो त्या मिश्र ऑक्सिजनच्या सरासरीला १६ म्हणणे चालू ठेवले, आणि भौतिकशास्त्रज्ञांनी शुद्ध ऑक्सिजन-१६ ला १६ म्हटले. एकाच नावाची दोन एकके झाली आणि त्यांच्यात १.०००२७५ पट फरक राहिला. एका शाखेचा तक्ता दुसऱ्या शाखेच्या गणितात वापरला की चौथ्या दशांश स्थळी गडबड ठरलेली.

१९६०-६१ मध्ये दोन्ही शाखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी कार्बन-१२ वर समेट केला. तेव्हापासून ‘एकीकृत अणुवस्तुमान एकक’ हे नाव आले आणि त्यालाच डाल्टन असेही म्हणतात. कार्बन-१२ च्या मापाने ऑक्सिजन-१६ चा अणू १५.९९४९१५ भरतो. म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांचे जुने एकक आजच्यापेक्षा किंचित लहान होते, आणि आजच्या स्थिरांकांनी त्याचे मूल्य काढले तर ९३१.२० एमईव्ही येते. कोरी पाटी, तुमचे जुने पुस्तक चुकलेले नाही, ते वेगळ्या एककात बोलते आहे. त्यातले प्रोटॉनचे वस्तुमान पाहा. ते १.००७२७६ नसून १.००७५९ च्या घरात असेल. मात्र त्या पुस्तकातले वस्तुमान आणि आजच्या पुस्तकातला गुणक, असा संकर कृपा करून करू नका.

कोरी पाटी

आत्ताच पाहिले. १.००७५९ च आहे! वाचनखूण साठवली.

जुनी फूटपट्टी

चर्चा चांगली चालली आहे, पण पानगळ यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यांनी सोयीस्कर दुर्लक्ष केले आहे, म्हणून मी लिहितो. मी आयुष्यभर यंत्रांच्या आराखड्यांवर काम केले आणि माझे स्पष्ट मत असे आहे की प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ एमईव्ही आहे असे लिहिणे चूक आहे. पाउंडाचे किलोग्रॅम करणे हे रूपांतर आहे, कारण दोन्ही एकके एकाच राशीची आहेत. वस्तुमानाची ऊर्जा काढणे हे रूपांतर नाही, ती निसर्गनियमाची अंमलबजावणी आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला की नवशिक्यांचा गोंधळ होतो.

हा गोंधळ किती महाग पडतो ते आमच्या क्षेत्रात रोज दिसे. किलोग्रॅम हे वस्तुमान आणि किलोग्रॅम-बल हे बल. एक किलोग्रॅम-बल म्हणजे ९.८०६६५ न्यूटन, आणि हा आकडा १९०१ साली ठराव करून प्रमाण मानला गेला. पण बोलताना ‘बल’ हा शब्द गळतो, मग आराखड्यावरूनही गळतो, आणि एखादा नवा अभियंता ९.८ ने गुणायचे तिथे गुणत नाही किंवा आधीच गुणलेल्याला पुन्हा गुणतो. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका आधारखांबाचा हिशेब असा दहापट चुकवला होता. वरिष्ठांनी तो कागद काही न बोलता माझ्यासमोर परत ठेवला, आणि ते न बोलणे मी अजून विसरलेलो नाही.

पाउंडाच्या जगात तर वस्तुमानाचा पाउंड आणि बलाचा पाउंड यांचे भांडण टाळण्यासाठी ‘स्लग’ नावाचे स्वतंत्र एकक काढावे लागले. ज्या वस्तुमानाला एक पाउंड-बल लावले असता सेकंदाला एक फूट प्रति सेकंद एवढे त्वरण मिळते ते एक स्लग. ते १४.५९३९ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ३२.१७४ पाउंड भरते. नाव गोगलगायीच्या भाऊबंदांचे आहे, पण कल्पना स्वच्छ आहे.

चौथी मिती

फूटपट्टी काका, स्लगबद्दल आणि किलोग्रॅम-बलाबद्दल पूर्ण सहमत. एमईव्हीबद्दल मात्र आदरपूर्वक असहमत.

काटेकोर लेखनात आम्हीही ‘९३८ एमईव्ही प्रति प्रकाशवेगाचा वर्ग’ असेच लिहितो, आणि ते निखळ वस्तुमानाचे एकक आहे, त्याच्या मितीत काहीही खोट नाही. रोजच्या व्यवहारात ‘प्रति प्रकाशवेगाचा वर्ग’ हा भाग गृहीत धरला जातो, कारण आम्ही प्रकाशवेगाला १ मानणारी एकके वापरतो. हे आळसापोटी नाही. मोकळ्या न्यूट्रॉनचे विघटन घ्या. न्यूट्रॉन ९३९.५६५, प्रोटॉन ९३८.२७२, इलेक्ट्रॉन ०.५११. पहिल्यातून उरलेले दोन वजा करा, ०.७८२ उरतात, आणि विघटनातून बाहेर पडणाऱ्या कणांच्या वाट्याला येणारी ऊर्जा तीच, एमईव्हीमध्ये. (विघटनातून बाहेर पडणारा तिसरा कण म्हणजे प्रतिन्यूट्रिनो, त्याचे वस्तुमान एका इलेक्ट्रॉनव्होल्टहूनही कमी आहे, म्हणून ते इथे सोडले.) वस्तुमानाचा आणि ऊर्जेचा हिशेब एकाच वहीत राहतो. हेच किलोग्रॅममध्ये करून पाहा, म्हणजे या सवयीमागचे कारण लक्षात येईल.

आता ‘नियम’ आणि ‘रूपांतर’ यांतील तुमच्या भेदाबद्दल. तो भेद मला एके काळी पटत होता. पण किलोग्रॅमची आजची व्याख्या पाहा. १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्हर येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल म्हणजेच किलोग्रॅम होता, आणि त्याच्या अधिकृत प्रतींशी तुलना केली असता शतकभरात त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडल्याचे दिसले. २० मे २०१९ पासून तो दंडगोल निवृत्त झाला. आता प्लँकच्या स्थिरांकाचे मूल्य ६.६२६०७०१५ × १०^-३४ ज्यूल-सेकंद असे कायमचे ठरवून त्यावरून किलोग्रॅम काढला जातो. ज्याची ऊर्जा वारंवारतेत मांडली तर १.३५६ × १०^५० हर्ट्झ येते, ते वस्तुमान एक किलोग्रॅम. म्हणजे ज्याला तुम्ही ‘नियमाची अंमलबजावणी’ म्हणता, ती खुद्द किलोग्रॅमच्या व्याख्येत जाऊन बसली आहे.

जुनी फूटपट्टी

व्याख्या सोयीसाठी केलेली असते. तिच्यामुळे दोन राशी एक होत नाहीत. सूर्य दर सेकंदाला सुमारे ४३ लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने गमावतो, हे ऐकून थक्क व्हायला होते ते त्यामागे नियम आहे म्हणून. नुसते एकक बदलून कोणी थक्क होत नाही.

तरीही ‘प्रति प्रकाशवेगाचा वर्ग’ लिहिणार असाल तर माझा आक्षेप अर्धा मागे घेतो.

वजनदार

अर्धा आक्षेप म्हणजे किती एमईव्ही?

अर्धविराम

वादात एक उपयोगाचा मुद्दा हरवू नये. रूपांतराचे सगळे गुणक एकाच जातीचे नसतात, आणि तक्त्यांत ते एकाखाली एक छापलेले असल्यामुळे हे कळत नाही.

काही गुणक माणसांनी ठरवलेले आहेत, त्यामुळे ते पूर्णपणे अचूक आहेत. १९५९ च्या करारानुसार एक पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम, पुढे शून्येच शून्ये. मेट्रिक कॅरट २०० मिलिग्रॅम, तसाच. काही गुणक निसर्गाला विचारून आलेले आहेत आणि त्यांना अनिश्चितता चिकटलेली आहे. अणुवस्तुमान एककाचे किलोग्रॅम हा त्यातला. कार्बनचा अणू किती जड आहे हे ठराव करून ठरवता येत नाही. तो आकडा आज साधारण दहाव्या अंकाच्या आसपास धूसर होतो.

तिसरी जात गमतीची आहे, कारण तिने २०१९ मध्ये घर बदलले. इलेक्ट्रॉनव्होल्टचे किलोग्रॅम करण्याचा गुणक पूर्वी मोजावा लागे. त्या वर्षी इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचे मूल्यही ठरवून दिले गेले आणि प्रकाशवेग १९८३ पासूनच ठरलेला होता, त्यामुळे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति प्रकाशवेगाचा वर्ग म्हणजे १.७८२६६१९२ × १०^-३६ किलोग्रॅम हे नाते आता व्याख्येनेच अचूक आहे. इथे आठ दशांश दिलेत ते केवळ जागा कमी म्हणून.

रसायनी

आणि त्या घरबदलात आमचे एक घर गेले! पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ म्हणजे बरोबर एक मोल होता, त्यामुळे अणुवस्तुमान एकक आणि ‘ग्रॅम प्रति मोल’ यांचा आकडा तंतोतंत एकच असे. आता अ‍ॅव्होगॅड्रो स्थिरांक ६.०२२१४०७६ × १०^२३ असा ठरवून टाकला आहे, आणि कार्बन-१२ च्या एका मोलचे वस्तुमान मोजायची गोष्ट झाली आहे. फरक अब्जात एखाद्या भागाच्या पातळीवरचा आहे, प्रयोगशाळेतल्या कोणत्याही तराजूला तो दिसणार नाही. पण तत्त्वतः तंतोतंतपणा गेला तो गेलाच.

ध्रुवतारा

अर्धविराम यांच्या वर्गीकरणात आकाशातले एक उदाहरण घालतो, कारण तिथे रूपांतर करणे हेच नुकसानीचे ठरते.

सूर्याचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये १.९८८४ × १०^३० असे देतात. खरे तर ग्रहांच्या कक्षांवरून आपल्याला सूर्याचे वस्तुमान सुटे मिळतच नाही. मिळतो तो गुरुत्व स्थिरांक आणि वस्तुमान यांचा गुणाकार, आणि तो १.३२७१२४४० × १०^२० घनमीटर प्रति सेकंदवर्ग इतक्या बारकाईने ठाऊक आहे. त्यातून किलोग्रॅम काढायचे तर गुरुत्व स्थिरांकाने भागावे लागते, आणि तो स्थिरांक सगळ्या मूलभूत स्थिरांकांत सर्वांत ढोबळ आहे. ६.६७४३ × १०^-११ च्या पुढचे अंक भरवशाचे नाहीत. म्हणजे नऊ-दहा अंकांची माहिती आपण पाच अंकांच्या भोकातून ओढतो आणि उरलेले अंक बाहेर सांडतात.

म्हणून खगोलशास्त्रात ताऱ्यांची वस्तुमाने ‘इतके सूर्य’ अशीच सांगतात. सूर्य गुरूच्या १०४७.३५ पट आणि पृथ्वीच्या ३,३२,९४६ पट जड आहे, हे गुणोत्तर आपल्याला कोणत्याही एकाच्या किलोग्रॅमपेक्षा जास्त नेमके माहीत आहे. तो गुणाकार प्रकाशवेगाच्या वर्गाने भागला तर सूर्याचे वस्तुमान १.४७६६ किलोमीटर येते, घनाने भागला तर ४.९२५५ मायक्रोसेकंद. कृष्णविवरांची गणिते करताना हीच एकके सोयीची पडतात. पृथ्वी त्या मापाने ४.४ मिलिमीटरची आहे.

फूटपट्टी काकांचे मत वाचायला उत्सुक आहे.

जुनी फूटपट्टी

वस्तुमान मिलिमीटरमध्ये! माझ्या नावाची पट्टी अखेर या कामाला लागेल असे वाटले नव्हते. मत राखून ठेवतो.

त्याऐवजी रूपांतराची एक खरी घटना सांगतो, कारण आपण सगळे दशांश स्थळांवर वाद घालतो आहोत आणि मोठे अपघात मात्र पहिल्याच अंकात होतात. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका प्रवासी विमानाचे इंधन हवेत असताना संपले. विमान नव्याने मेट्रिक मापांवर आलेले होते. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते आणि टाक्यांमध्ये ७,६८२ लिटर शिल्लक होते. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी १.७७ हा गुणक वापरला गेला. तो पाउंड प्रति लिटर होता. किलोग्रॅमसाठी तो सुमारे ०.८०३ हवा होता. त्यांच्या हिशेबाने शिल्लक इंधन १३,५९७ ‘किलोग्रॅम’ भरले, ८,७०३ कमी पडत होते, त्याचे लिटर करून ४,९१७ लिटर भरले. प्रत्यक्षात सुमारे २०,१०० लिटर भरायला हवे होते.

आता गंमत पाहा. सगळे मिळून टाक्यांमध्ये १२,५९९ लिटर झाले, आणि ते १.७७ ने गुणले तर बरोबर २२,३०० येतात. पडताळा घेतला असता तर तोही जुळला असता! आकडा शंभर टक्के खरा आणि एकक खोटे. वैमानिकांनी ते विमान इंजिनांशिवाय तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले आणि कोणाचाही जीव गेला नाही.

सांजवेळ

काकांचे हे उदाहरण मी उद्याच वर्गात वापरणार आहे. वर चौथी मिती यांनी एकके अक्षरांसारखी कापण्याची जी रीत सांगितली, ती इथे पाळली असती, म्हणजे १.७७ च्या पुढे ‘पाउंड प्रति लिटर’ हे शब्द लिहिले असते, तर लिटर कापले जाऊन उत्तरात पाउंड उरले असते आणि कोणाच्याही लक्षात आले असते. उलट हिशेबाने पडताळा घेऊन ही चूक सापडत नाही, ती एकक लिहिल्यानेच सापडते.

पानगळ

धागा काढून दोन दिवस गप्प होतो, कारण सगळी गणिते पुन्हा केली. किलोग्रॅममध्ये सात अंक घेऊन २८.३० आले, अणुवस्तुमान एककातही २८.३० आले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि दुसऱ्याचे दोन मिळाली, त्यातले कोणते घ्यायचे ते मी ठरवीन.

पण आता नवे संकट आहे. खात्री करावी म्हणून मी दुसऱ्या पुस्तकातला तक्ता घेतला. त्यात हेलियम-४ चे वस्तुमान ४.००२६०३ दिले आहे. या वेळी काहीही छाटले नाही, वजाबाकी आधी केली, रूपांतर शेवटी केले, एकके लिहिली. तूट ०.०२९२७९ आणि उत्तर २७.२७ एमईव्ही. म्हणजे पुन्हा एक एमईव्ही गहाळ! रसायनी यांनी सांगितल्याप्रमाणे तक्ता जुन्या ऑक्सिजनच्या मापाचा आहे का हेही तपासले, तर तो कार्बन-१२ चाच आहे.

वजनदार

या वेळी चोर बाहेरचा दिसतो.

चौथी मिती

वजनदार यांचा नेम अगदी जवळ लागला आहे. पानगळ, गहाळ झालेली रक्कम दोन दशांश स्थळांपर्यंत काढा. १.०२ आली का? आणि इलेक्ट्रॉनचे वस्तुमान वर मी ०.५११ लिहिले आहे.

पानगळ

२८.२९५ वजा २७.२७३ म्हणजे १.०२२. दोन इलेक्ट्रॉन! ४.००२६०३ हे केंद्रकाचे वस्तुमान नसून अख्ख्या अणूचे आहे, आणि मी सुटे कण मोजताना इलेक्ट्रॉन धरलेच नव्हते.

सांजवेळ

अगदी बरोबर. अशा तक्त्यांत बहुतेक वेळा अणूंची वस्तुमाने असतात, कारण इलेक्ट्रॉन खरवडून काढलेल्या केंद्रकापेक्षा अणू किंवा आयन मोजणे सोपे जाते. त्यावर सोपा उपाय असा की दोन प्रोटॉनांच्या जागी हायड्रोजनचे दोन अणू घ्यायचे. हायड्रोजन १.००७८२५, त्याची दुप्पट, त्यात दोन न्यूट्रॉन, एकूण ४.०३२९८०. त्यातून ४.००२६०३ वजा करा. दोन्ही बाजूंना दोन-दोन इलेक्ट्रॉन आल्यामुळे ते आपोआप कापले जातात आणि तूट ०.०३०३७७ येते, म्हणजे पुन्हा २८.३०.

कोरी पाटी, तुम्हाला पुढे धन बीटा ऱ्हास, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनचा न्यूट्रॉन होऊन धन भाराचा इलेक्ट्रॉन बाहेर पडणे, शिकवतील तेव्हा हे आठवा. तिथे अणूंची वस्तुमाने वापरली तर इलेक्ट्रॉन आपोआप कापले जात नाहीत, १.०२२ एमईव्ही स्वतंत्रपणे वजा करावे लागतात, आणि परीक्षेत हमखास तिथेच गुण जातात.

कोरी पाटी

वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. एककासकट.

अर्धविराम

सांजवेळ ताईंचे ‘आपोआप कापले जातात’ हे जवळजवळ खरे आहे. इलेक्ट्रॉनही अणूला बांधलेले असतात आणि त्या बंधनाचीही तूट असते. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला ७९.० इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि हायड्रोजनच्या दोन अणूंचे दोन काढायला २७.२. फरक सुमारे ५२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ते अणुवस्तुमान एककात रूपांतरित केले तर ५.६ × १०^-८ येतात, म्हणजे पानगळ यांच्या सहा दशांश स्थळांच्या तक्त्यात ते दिसणार नाहीत, आठव्या स्थळी दिसतील.

पानगळ

आठव्या स्थळापर्यंत जाण्याची माझी सध्या तयारी नाही. ते ५२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ज्यांना सापडतील त्यांनी ते ठेवून घ्यावेत.